माझ्याकडे येऊ नका

डॉक्टरांच्या क्लिनिकची पाटी लागली, तेव्हा पहिला माणूस आत आला तो दाढ दाखवायला. दुसऱ्या बाई आल्या त्या झेरॉक्स काढायला, कारण आधी त्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान होतं. आता यात लोकांची तरी काय चूक? ‘कायरोप्रॅक्टिक’ हा शब्द जुळवून वाचेपर्यंत माणूस पाटी ओलांडून पुढच्या दुकानापाशी पोचलेला असायचा. मणके, सांधे, मान, कंबर हाताने नीट बसवून देणारा हा डॉक्टर आहे, हे कुणाला कळणार कसं? डॉक्टर आत ते नवंकोरं टेबल पुसत बसायचे, पालथं झोपल्यावर चेहरा ठेवायला भोक असलेलं, आणि त्यांची बायको बाहेर काउंटरवर माशा मारत बसायची.

बायकोला धाकटी म्हणायचे. म्हणजे खरं तर तसं म्हणायची एकटी अक्का, डॉक्टरांची मोठी बहीण. पण अक्काने एकदा नाव ठेवलं की ते चिकटायचंच. डॉक्टर स्वतःसुद्धा बायकोला हाक मारताना कधीकधी ‘अगं धाकटे’ म्हणून जायचे आणि मग दोघंही हसायची.

अक्काबद्दल सांगायलाच हवं. ती दुसऱ्या गावात राहायची, बसने अर्धा दिवस लागायचा एवढ्या लांब. उभा जन्म तिने एका छापखान्यात प्रूफं तपासण्यात घालवला. आईवडील लवकर गेले, भाऊ लहान, मग काय करते? नाकावर चष्मा चढवला तो चढवलाच. डॉक्टर शिकले ते अक्काच्या डोळ्यांवर, असं ते स्वतःच सांगायचे. निवृत्त झाली तरी सवय काही सुटली नाही. छापलेलं काहीही असो, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. औषधाच्या खोक्यात तो बारीक अक्षरांचा घडीचा कागद असतो ना, जो आपण उघडतसुद्धा नाही, तो ती भिंग लावून वाचायची आणि वर म्हणायची, “दोन चुका आहेत मेल्यांच्या.”

तर ब्लॉगची कल्पना धाकटीची. माशा मारून कंटाळली होती बिचारी.

“लोकांना तुम्ही काय करता तेच कळत नाही,” ती म्हणाली. “आपण लिहूया. दर आठवड्याला एक लेख. मान का आखडते, उशी कशी असावी, मुलांची दप्तरं, असलं सगळं. लोक वाचतील, त्यांना तुमची ओळख होईल, मग येतील.”

“मला मणके कळतात, वाक्यं कळत नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

“वाक्यं मी बघते. तुम्ही नुसतं बोला.”

आणि खरंच, धाकटीच्या हाताला गोडी होती. डॉक्टर संध्याकाळी टेबलाच्या कडेला टेकून रुक्ष आवाजात बोलायचे, हा स्नायू इथून निघतो, तो तिथे जातो, आणि ही त्याचं असं काही करायची की वाचणाऱ्याला वाटावं, समोर बसून कुणीतरी घरचाच माणूस गप्पा मारतोय. लेखात सगळीकडे ‘मी’ म्हणजे डॉक्टर. पण त्या ‘मी’ला विनोद सुचायचे ते धाकटीचे. ‘खुर्चीला दोष देऊ नका, ती तुमच्यावर बसत नाही, तुम्ही तिच्यावर बसता’ हे वाक्य डॉक्टरांनी जन्मात बोललं नसतं.

त्यांची अट एकच होती. पहिला लेख झाल्यावर ते म्हणाले, “आता खाली हे लिही. प्रत्येक लेखाच्या खाली हे आलं पाहिजे.” आणि त्यांनी सावकाश सांगितलं. दुखण्यामुळे झोपेतून जाग येत असेल, आडवं पडूनही दुखणं थांबत नसेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर माझ्याकडे येऊ नका. व्यायामही करू नका. आधी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन तपासण्या करून घ्या.

धाकटी हसत सुटली. “अहो, येऊ नका? जगातली पहिली जाहिरात असेल ही, जी गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवते!”

डॉक्टर हसले नाहीत. “कंबर दुखणाऱ्या सगळ्यांची कंबरच बिघडलेली नसते गं. कधी आत भलतंच काहीतरी असतं आणि ते कंबरेतून बोलतं. तिथे माझ्या हातांचा उपयोग नाही, उलट वेळ जातो. बाकी तुला काय लिहायचं ते लिही. एवढं मात्र राहिलंच पाहिजे.”

तेवढं राहिलं. घरात त्या परिच्छेदाला ‘येऊ नका’ असंच नाव पडलं. आणि नंतर डॉक्टरांनी ब्लॉग कधी उघडून बघितला नाही. स्क्रीनकडे बघून मान दुखते म्हणायचे. मानेचा डॉक्टर असून! पण खरी गोष्ट अशी, की धाकटीवर त्यांचा विश्वास होता. बायकोच्या कामात नाक खुपसणाऱ्यांतले ते नव्हते.

वाचायला सुरुवात केली ती अक्काने. लेख लागला की तासाभरात खाली पहिली प्रतिक्रिया तिची, नेहमी त्याच शब्दांत. ‘लेख वाचला. शेवटपर्यंत.’ मग फोन. “धाकटे, तिसऱ्या ओळीत ‘पाठीचा’ दोनदा आलंय बघ. आणि त्या उशीच्या लेखावरून मी माझी उशी फेकून दिली हो आज. दगड होती नुसती.” धाकटी चूक दुरुस्त करायची. अक्काचं बोलणं तिला कधी टोचलं नाही. नणंद म्हणून लोक काय काय सांगतात, पण हिच्या वाट्याला आली ती मायाळूच.

अक्का वाचायची, बाकी जग वाचत नव्हतं. म्हणून मग धाकटीने एक वेबसाइटवाला गाठला. चांगला पोक्त, टक्कल पडलेला, गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ. त्याने लॅपटॉप उघडून तिला रंगीत रेघा दाखवल्या. माणूस लेखावर कधी येतो, किती वेळ थांबतो, कुठे पोचल्यावर निघून जातो, सगळं त्यात दिसत होतं.

“हे बघा ताई. लोक छान वाचत येतात, हसतात, खाली येतात आणि इथे, नेमकं इथे, पळतात.” त्याने बोट ठेवलं ते ‘येऊ नका’वर. “तुम्ही माणसाला गप्पा मारत दारापर्यंत आणता आणि तोंडावर दार आपटता. भीती घातली की माणूस पान बंद करतो. त्या जागी अपॉइंटमेंटचं बटण टाका.”

“पण डॉक्टर म्हणतात ते हवंच.”

“मग ठेवा की. वेगळ्या पानावर ठेवा. ‘महत्त्वाच्या सूचना’. ज्याला हवं तो उघडेल. तसंही शेवटपर्यंत कोण वाचतं? हा एकच आहे,” तो एका लांबलचक रेघेकडे बघून हसला, “हा दरवेळी खालपर्यंत जातो आणि तासभर हलत नाही. पान उघडं टाकून झोपत असेल.”

धाकटीही हसली. ती रेघ कुणाची हे तिला चांगलं माहीत होतं. पण एका अक्कासाठी काय अख्खा ब्लॉग चालवायचा? आणि अक्का तर घरचीच.

तिने परिच्छेद काढला. जुन्या लेखांखालचाही काढला. सूचनांचं वेगळं पान मागाहून करू म्हणाली, ते राहूनच गेलं. त्या जागी हिरवं बटण आलं, ‘आजच भेटा’. डॉक्टरांना सांगू, सांगू म्हणत तो आठवडा गेला, मग पुढचा गेला, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही, कारण क्लिनिक भरायला लागलं. खुर्च्या कमी पडल्या. लोक हातातला फोन दाखवत यायचे, “डॉक्टर, तुमचा लेख वाचला, अगदी माझंच लिहिलंय हो!” डॉक्टर संध्याकाळी दमून यायचे आणि म्हणायचे, “धाकटे, तुझ्या लेखणीने तारलं गं आपल्याला.” आता अशा माणसाला कोण सांगणार, की तुमची एकुलती एक अट मी मोडली म्हणून?

अक्काच्या लक्षात आलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. तिचा फोन आला तेव्हा काउंटरवर तीन माणसं उभी होती, दुसरा फोन वाजत होता.

“धाकटे, खालचं ते ‘येऊ नका’ काढलंत वाटतं?”

“हो अक्का. लोक उगाच घाबरतात. तसं काही नसतं हो कुणाला.”

“त्याने सांगितलं का काढायला?”

“हो हो, त्यांनीच,” धाकटी म्हणाली आणि समोरच्या माणसाला हाताने ‘बसा’ अशी खूण केली. “ठेवू का अक्का? गर्दी आहे.”

“ठेव ठेव. गर्दी आहे ना, मग बरंच आहे.”

एवढंच. बोलायला लागलं असेल अर्धं मिनिट. मुद्दाम खोटं बोलली असती तर निदान लक्षात तरी राहिलं असतं. तिने नुसतं ‘हो हो’ म्हणून टाकलं आणि विसरून गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, कंबरदुखीच्या लेखाखाली अक्काने नेहमीपेक्षा मोठी प्रतिक्रिया लिहिली. ‘लेख वाचला. शेवटपर्यंत. माझीही कंबर धरली आहे. तिसरा व्यायाम सुरू केला. सोपा आहे.’ धाकटीला आनंद झाला. तिने ते वाक्य उचलून पहिल्या पानावर लावलं, ‘आमच्या एक ज्येष्ठ वाचक म्हणतात’ असं वर घालून. फोनवर अक्काचा आवाज जरा बारीक वाटला, तेव्हा तिने विचारलंही.

“झोप होत नाही गं नीट. म्हातारपण, दुसरं काय! पण वजन उतरलंय हो माझं. कपडे सैल झालेत सगळे.”

“अरे वा अक्का! आमचं कधी उतरणार?”

“व्यायाम कर, नुसती लिहू नकोस,” अक्का म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या.

“यांना दाखवायला या ना एकदा.”

“छे गं, एवढी माणसं ताटकळत असतात त्याच्याकडे. त्यांच्यात मी कुठे घुसू? लेख आहेत ना तुझे. काही लागलं तर सांगेन की.”

लागलं तेव्हा सांगितलं ते शेजारणीने. अक्का बाथरूममध्ये पडली होती, आणि पडली म्हणजे पाय घसरून नव्हे. पायच उचलले गेले नव्हते.

तिला इकडच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. डॉक्टरांनी बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि हात तसाच राहिला. अंगावर मांस म्हणून नव्हतं. तपासण्या झाल्या. मणक्यात गाठ होती, आणि ती तिथली नव्हतीच, दुसरीकडून पसरत आली होती. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आडपडदा न ठेवता बोलल्या. आधी आल्या असत्या तर बऱ्या झाल्या असत्या असं त्या म्हणत नव्हत्या, पण पाय वाचले असते. अजून बरेच दिवस मिळाले असते, आणि एवढ्या वेदना झाल्या नसत्या. आता फक्त त्रास कमी करणं हातात होतं.

डॉक्टर तिथून निघाले ते तडक अक्काच्या खाटेपाशी आले. धाकटी उशीचा अभ्रा बदलत होती. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“कधीपासून रात्री जाग येत होती तुला?”

“झाले असतील काही महिने,” अक्का म्हणाली.

“काही महिने? आणि तू व्यायाम करत बसलीस? अक्का, प्रत्येक लेखाखाली लिहिलेलं आहे! प्रत्येक! जाग येत असेल, वजन उतरत असेल, तर व्यायाम करू नका, हॉस्पिटलात जा. मी मुद्दाम घालायला लावलंय ते. तू वाचलं नाहीस?”

धाकटीच्या हातातली उशी तशीच राहिली. त्या क्षणी तिला ते सगळं आठवलं, काउंटरवरची माणसं, वाजणारा फोन आणि ‘हो हो, त्यांनीच’.

अक्काने आधी भावाकडे बघितलं. मग मान वळवून धाकटीकडे बघितलं. फार वेळ नाही. पण जन्मभर चुका शोधणारे डोळे ते, त्यांना कितीसा वेळ लागणार? सगळं कळलं तिला. भावाने काढायला सांगितलंच नव्हतं, त्याला अजूनही पत्ता नाही, हे सगळं त्या एका नजरेत तिने वाचून घेतलं.

“सुटलं असेल रे माझ्याकडून,” अक्का म्हणाली.

“सुटलं?” डॉक्टरांचा आवाज फाटला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, आणि स्वतःच्या भावाने लिहिलेल्या चार ओळी वाचता आल्या नाहीत तुला? काय वाचत होतीस मग? ‘शेवटपर्यंत, शेवटपर्यंत’ म्हणून कौतुकाने सांगत होतीस ना?”

“डोळे गेले रे आता. पूर्वीसारखं राहिलं नाही.”

डॉक्टर वळून बाहेर निघून गेले. खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले ते दारातून दिसत होते. खांदे हलत होते. असा राग कुणावर येतो? जिच्यावाचून चालणार नाही तिच्यावरच येतो.

धाकटी खाटेपाशी खाली बसली. “अक्का, मी सांगते त्यांना. आत्ता सांगते.”

“बस गप्प.”

“अक्का, तुमचं काही सुटलं नाही. तुम्ही विचारलं होतंत मला. मी तुम्हाला…”

“माहीत आहे मला काय झालं ते. बहिरी नाही झाले अजून.” अक्काने तिचा हात धरला. हाताला जोर नव्हता, पण आवाज तोच होता, प्रूफं परत पाठवणारा. “मी म्हटलं, त्यानेच काढलंय, म्हणजे आता डॉक्टर लोकांत त्याचं काही वाटेनासं झालं असेल. जाग आली की मी म्हणायची, अगं, हे तर काढून टाकलंय त्याने, घाबरतेस काय एवढी? आणि पडून राहायची.”

धाकटीला हुंदका आवरेना. तोंडात पदर कोंबावा तसा तिने तो अभ्राच कोंबला.

“रडू नकोस गं. तू काय मुद्दाम केलंस?” अक्का जरा थांबली, तिला दम लागला होता. “ऐक. मी चालले. तुम्हा दोघांना अजून किती वर्षं एका घरात काढायचीत. त्याला हे कळलं तर तो तुझ्याकडे बघू शकणार नाही. मी ओळखते त्याला, अंगाखांद्यावर वाढवलंय. माझ्यावर रागावलाय तोवर रागावू दे. माझ्यावर रागावून तो कुठे जाणार आहे? शपथ घे, सांगणार नाहीस.”

“अक्का, ते तुम्हाला काय काय बोलले…”

“बोलू दे. घे शपथ.”

धाकटीने घेतली. काय करणार होती?

डॉक्टर त्यानंतर रोज येऊन बसायचे. अक्काचे पाय चेपायचे, ज्या पायांना काही कळत नव्हतं ते. राग ओसरला होता, पण मधूनच ते पुटपुटायचे, “चार ओळी गं अक्का, नुसत्या चार ओळी.” आणि दरवेळी अक्का म्हणायची, “हो रे बाबा, चुकलंच माझं.” आयुष्यात जिने चूक आपल्या हातून कधी पुढे जाऊ दिली नाही, ती बाई रोज न केलेली चूक कबूल करत होती. धाकटी तिथेच उभी असायची, पाण्याचा पेला घेऊन. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या खोलीत कळलं.

एका दुपारी अक्का गेली. डॉक्टरांचा हात तिच्या पाठीखाली होता.

क्लिनिक काही दिवस बंद राहिलं. मग उघडायचं ठरलं त्या दिवशी सकाळी डॉक्टर धाकटीच्या आधीच जाऊन बसले होते. ती पोचली तेव्हा ते काउंटरमागे तिच्या खुर्चीत, कंप्युटरसमोर, दोन बोटांनी टाइप करत होते. अजून पेशंट यायला अवकाश होता. खिडकीतून समोरचं दुकान उघडल्याचा आवाज आला.

“ये,” ते म्हणाले. “मी पहिल्यांदाच लिहिलंय काहीतरी. तुझ्यासारखं नाही जमलं. जरा हात फिरव आणि लावून टाक.”

त्यांनी खुर्ची तिला दिली आणि मागे उभे राहिले. धाकटीने वाचायला सुरुवात केली.

‘माझी मोठी बहीण आयुष्यभर छापलेल्या मजकुरातल्या चुका शोधत आली. तिच्या डोळ्यांवर मी शिकलो. माझा प्रत्येक लेख ती वाचायची. पण प्रत्येक लेखाखाली मी एक सूचना दिलेली असते, ती तिने वाचली नाही. तिच्याकडून सुटली. त्या चार ओळींपायी ती गेली. मी तुम्हाला हात जोडून सांगतो, तिने केली ती चूक तुम्ही करू नका. शेवटपर्यंत वाचा.’

“नाव नाही घातलं तिचं,” मागून डॉक्टर म्हणाले. “पण लोकांना कळू दे. तिच्या उदाहरणाने एखाद्याचे डोळे उघडले तर तिचं जाणं अगदीच फुकट गेलं असं नको व्हायला.”

धाकटीचा हात माउसवर होता. एक बटण दाबायचं, बस. शपथ पाळली जाणार होती, घर टिकणार होतं, अक्कालाही तेच हवं होतं. आणि मग ते तिथे राहणार होतं. कायमचं. कोण कुठली माणसं वाचणार, दुसऱ्यांना पाठवणार, हळहळणार, म्हणणार, बघा, एवढी वाचणारी बाई, पण कशी गाफील राहिली. खोलीत चार भिंतींच्या आत अक्काने ते आपल्या अंगावर घेतलं ते वेगळं. हे छापलं जाणार होतं. आणि छापलेली चूक अक्काला कधी खपली होती?

“यात एक चूक आहे,” धाकटी म्हणाली.

“कुठे? शब्द राहिला का काही?”

“नाही.” तिला वळून बघवेना. ती पडद्याकडे बघतच बोलली. “तिच्याकडून सुटलं नाही. ते तिथे नव्हतंच. मी काढलं होतं. लोक तिथे पोचले की पान बंद करतात, असं वेबसाइटवाला म्हणाला म्हणून. अक्कांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी फोन करून विचारलं, त्याने सांगितलं का काढायला, म्हणून. मी हो म्हणाले.”

तिने माउसवरचा हात काढून घेतला.

“तुम्ही काढायला सांगितलंय असं वाटून त्या गप्प राहिल्या. रात्री दुखायचं तेव्हा तेच मनाशी म्हणायच्या. मला शपथ घातली होती त्यांनी, तुम्हाला सांगू नकोस म्हणून.”

मग डॉक्टरांनी विचारलं, “मी हॉस्पिटलात तिला बोललो, तेव्हा तिला कळलं?”

“हो.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच. तुम्ही बोलत होतात तेव्हाच.”

“मी म्हणालो, काय वाचत होतीस मग.” ते हे तिला सांगत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. “रोज म्हणत होतो. पाय चेपता चेपता म्हणत होतो गं. आणि ती रोज म्हणायची, चुकलंच माझं.”

“अहो…”

“एकदा उघडून बघितला असता तर दिसलं असतं मला. एकदा. तिने सगळे वाचले, मी एकही वाचला नाही.”

धाकटी उठली, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. रागाने नव्हे. माणूस ओझं उचलताना दुसऱ्याला बाजूला व्हायला सांगतो, तसं. ते आतल्या खोलीत गेले. दार लोटलं नाही. धाकटीला इथून दिसत होतं. ते त्या टेबलावर पालथे झोपले, जिथे रोज इतकी माणसं झोपायची, आणि त्यांनी चेहरा त्या भोकात ठेवला. पाठ हलत होती. आवाज अजिबात नव्हता. टेबलाखालच्या फरशीवर थेंब पडत होते.

तिने आत जायला हवं होतं का? कोण जाणे. पुढे तिने पुष्कळदा स्वतःला विचारलं. पण त्या वेळी तिला एवढंच कळत होतं, की त्या पाठीवर हात ठेवायचा अधिकार आज तिला नाही, आणि उद्या असेल की नाही हेही सांगता येत नाही.

ती परत खुर्चीत बसली. लेखातल्या अक्काला दोष देणाऱ्या ओळी तिने खोडल्या. त्या जागी लिहिलं, ‘ती सूचना तिथे नव्हती. ती आम्ही काढून टाकली होती. तिने चूक लगेच पकडली आणि विचारलं. तिला खोटं उत्तर मिळालं.’ मग हिरवं बटण काढलं. सगळ्यात वर, शीर्षकाच्याही आधी, डॉक्टरांचा तो परिच्छेद जसाच्या तसा घातला. ‘माझ्याकडे येऊ नका’ एवढे शब्द ठळक केले.

मग लेख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचला. एका ठिकाणी ‘ती’ दोनदा पडलं होतं, एक काढलं. आणि लावून टाकला.

बाहेर काचेच्या दारापाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. एका हातात फोन होता, दुसरा कंबरेवर. त्या आत बघून हसल्या आणि फोन दाखवून खुणेने म्हणाल्या, वाचून आलेय. धाकटी लगेच उठली नाही. लेखाच्या खाली प्रतिक्रियांची जागा रिकामी होती, आणि सवयीने ती पहिली प्रतिक्रिया येण्याची वाट बघत बसली होती.